दाबाच्या रेघा

खोलीत उजेड नसतो, आणि नसावा अशीच तिथली शिस्त आहे. खिडकीला काळा पडदा, दाराला काळा पडदा, मधोमध टेबलावर ते यंत्र. यंत्राला हनुवटी टेकवायला एक खोलगट आधार, कपाळ टेकवायला पट्टी आणि पुढे बोटाएवढी भिंगाची नळी. हनुवटी टेकवणारं रोज कोणी नवं असतं. नळी पुढे सरकवणारी मात्र एकच, रेघाताई. तिचं खरं नाव दवाखान्यात कोणाच्या तोंडात नाही. दिवसभर स्क्रीनवर रेघा ओढते म्हणून रेघाताई, एवढ्यावर सगळ्यांचं भागतं.

बाहेर कितीही ऊन असो, या खोलीत कायम सांजवेळ असते. आत आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो. दवाखान्याचा शिपाई एरवी कॉरिडॉरच्या त्या टोकावरून हाका मारतो, पण इथे तोही कुजबुजत चहा ठेवून जातो.

काम सांगायला सोपं आहे. लेसरने चष्म्याचा नंबर घालवताना डॉक्टर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या त्या काचेसारख्या थराचा, एक पातळ पापुद्रा उचलतात, खाली लेसर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. माणूस चष्मा फेकून नाचत घरी जातो. पण पापुद्र्याबरोबर तिथल्या नसांचे बारीक तंतूही कापले जातात, ज्यांच्यामुळे डोळ्याला धूळ कळते, वारा कळतो, कांदा कळतो. ते पुन्हा वाढतात, पण आपल्या सवडीने. काहींचे लवकर येतात, काहींचे वर्ष उलटलं तरी रुसून बसलेले असतात. ते किती आले हे मोजायचं काम रेघाताईचं. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकायचा, भिंगावर जेलचा ठिपका घ्यायचा, भिंग डोळ्याला टेकेल न टेकेल असं नेऊन फोटो काढायचे. मग निवांत बसून त्या फोटोंतल्या एकेका तंतूवर माऊसने रेघ ओढायची. रेघांची लांबी कम्प्युटर सांगतो.

फोटोत काळोख असतो आणि काळोखात उजळ धागे. कोणी जुना स्वेटर उसवून लोकर मोकळी सोडावी तसे. नीट पाहिलं तर ते धागे वाकतात, फुटतात, एकमेकांकडे झुकतात आणि ऐन भेटायच्या वेळी विचार बदलून दुसरीकडे निघून जातात. दुपारचं जेवण झाल्यावर, यंत्राच्या पंख्याची घरघर कानात असताना, रेघाताईला वाटायचं की आपण रेघ ओढत नाही, चालतो आहोत. पायाखाली मऊ काळोख, हातात एक उजळ दोर, तो नेईल तिकडे जायचं. अशा वेळी कोणी हाक मारली तर तिला खुर्चीपर्यंत परत यायला जरा वेळ लागे. लोक म्हणत, रेघाताईला ऐकू कमी येतं. ऐकू चांगलं येत होतं. ती जागेवर नव्हती, एवढंच.

पण स्वप्नाळू म्हणून ढिली समजाल तर फसाल. कामात ती पक्की खडूस होती. शिकायला आलेल्या पोरींना पहिल्याच दिवशी दम भरायची. "भिंग टेकलं की हात थांबला पाहिजे. जास्त दाबलंत तर कॉर्नियाला वळ्या पडतात, आणि त्या वळ्या फोटोत उजळ दिसतात, अगदी तंतूंसारख्या. आपणच पाडायच्या आणि आपणच मोजायच्या, मग घरी बसून पापड का नाही लाटत?" पोरी हसायच्या, पण त्यांचे हात हलके व्हायचे.

म्हणून तर मोठ्या डॉक्टरांनी एकदा सुचवलं की तुमच्या धाकट्या बहिणीचा डोळा दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या, तेव्हा तिला ते चांगलंच झोंबलं.

"डॉक्टर, मी रेघा मोजते," ती म्हणाली. "नाती मोजत नाही."

डॉक्टर हसले आणि विषय तिथेच राहिला. तेव्हाच त्यांनी जरा ताणून धरायला हवं होतं. पण आपल्या माणसाच्या हातावर इतका विश्वास बसला की कोण ताणतं?

धाकटीला घरी मासोळी म्हणत. चालायला उशिरा शिकली, पोहायला लवकर. आता ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. लहानपणापासून नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि पाण्यात तो काढावा लागायचा. म्हणजे जिथे तिचा जीव रमायचा तिथेच जग धूसर. पाण्याखालची माणसं तिला फक्त रंगांवरून ओळखू यायची. एकदा परक्याच मुलाला ओढून काठावर आणून "पाय नीट मार" म्हणून झापलं होतं, आणि त्या मुलाचा बाप काठावर उभा राहून बघत होता.

मासोळीच्या मनात मात्र तलाव नव्हता, समुद्र होता. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणारं पथक असतं, त्यात तिला जायचं होतं. तिथे निवड होते ती चष्म्याशिवाय, दोन्ही डोळे तपासून. उन्हाळ्याच्या तोंडावर निवड होती आणि वयाच्या अटीमुळे तिच्यासाठी ही शेवटची होती. म्हणून तिने लेसर करून घ्यायचं ठरवलं. मोठ्या डॉक्टरांची पद्धत अशी, की आधी एक डोळा करायचा, त्याला स्पर्श पुन्हा कळू लागला की मगच दुसरा. दोन्ही डोळे एकदम बधिर करून माणसाला रस्त्यावर सोडायचं नाही, असं ते म्हणत. मासोळीचा उजवा डोळा झाला त्याला वर्ष होत आलं होतं.

त्या वर्षात घरात करमणुकीला तोटा नव्हता. मासोळीच्या चष्म्याची एक काच खरी आणि एक नुसती दिखाऊ. चढवला की चक्कर, काढला की डाव्या बाजूचं जग धुक्यात. तलावातून आली की डावा डोळा क्लोरीनने लालबुंद आणि उजवा तरतरीत. कांदा चिरायला बसली की डाव्यातून धारा, उजवा कोरडा ठणठणीत. आई म्हणायची, "डावा डोळा सून आणि उजवा सासू. एक रडतेय, दुसरी नुसती बघतेय." तिघी पोट धरून हसायच्या. मग हसता हसता रेघाताई गप्प व्हायची, कारण त्या सासूचं कारण तिला ठाऊक होतं.

मोजणीचा दिवस आला तेव्हा मासोळी अंधाऱ्या खोलीत आली आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "ताई, या वेळी येऊ दे गं."

"मी काय पेरून ठेवलेत? आले असतील तर दिसतील."

आधी धाग्याची चाचणी. पेनासारख्या दांडीतून केसाएवढा नायलॉनचा धागा पुढे काढायचा आणि त्याचं टोक बुबुळाच्या मध्यावर अलगद टेकवायचं. कळलं की पेशंटने "लागला" म्हणायचं. मधूनच एखादा फसवा स्पर्श करायचा असतो: धागा जवळ न्यायचा, पण टेकवायचा नाही, म्हणजे माणूस खरं बोलतोय की अंदाजाने, ते समजतं. त्या दिवशी मासोळी पहिल्यापासून "लागला, लागला" म्हणत गेली. रेघाताईने फसवा स्पर्श केला नाही. विसरली म्हणा, किंवा मनाने विसरू दिलं म्हणा.

मग थेंब, मग जेल, मग भिंग. स्क्रीनवर काळोख उघडला. रेघाताई त्या काळोखात उतरली आणि चालू लागली. वाट नव्हती. इकडे नाही, तिकडे नाही, नुसता राखाडी ओसाडपणा. समोर हनुवटी टेकवून बसलेली ही पोर, हिला पाण्यात पहिल्यांदा आपणच उतरवलं होतं, पोटाखाली हात धरून. "सोड आता," म्हणाली होती, आणि आपण सोडलं नव्हतं.

तिने भिंग किंचित पुढे सरकवलं. आणखी किंचित.

आणि रेघा उगवल्या. आधी एक, मग तिच्या शेजारी दुसरी, मग ओळीने कितीतरी, उजळ, लांबलचक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने धडाधड फोटो घेतले.

"आले?" मासोळीने हनुवटी न हलवता विचारलं.

"बोलू नकोस. आले."

त्या दुपारी तिने त्या रेघांवर रेघा ओढल्या, आणि इतक्या सुखाने ती त्याआधी कधी चालली नव्हती. वाटा सरळ होत्या, कुठे फाटा नाही, कुठे अडखळणं नाही. कम्प्युटरने आकडा दिला तो चांगला निरोगी होता. मोठ्या डॉक्टरांनी तो पाहिला, धाग्याची चाचणी पाहिली आणि पुढच्या आठवड्यात डाव्या डोळ्याची तारीख दिली. घरी आईने शेजारपाजारी सांगून टाकलं. मासोळीने पोहायचा नवा गॉगल आणला आणि तो घालूनच जेवायला बसली. "मासे आहेत का पानात?" आईने विचारलं. "हीच आहे की," रेघाताई म्हणाली आणि तिघी पुन्हा हसल्या.

पहाटे रेघाताईला स्वप्न पडलं. तोच काळोख, पण आता ते पाणी होतं, कोमट आणि स्थिर. उजळ धागे वरपासून खालपर्यंत लोंबत होते आणि त्यांच्यामधून मासोळी पोहत चालली होती, लहान, पाच-सहा वर्षांची, चष्म्याशिवाय. जाता जाता ती एकेका धाग्याला हात लावायची आणि म्हणायची, "लागला." तिचा हात धाग्याला लागायचा आणि धागा तिथे नसायचाच. हात आरपार जायचा. "लागला," ती आनंदाने म्हणायची. रेघाताईला ओरडून सांगायचं होतं, पण पाण्यात तोंड उघडता येईना. जाग आली. स्वप्नाचं काय मनावर घ्यायचं म्हणून तिने कूस बदलली.

मनावर घ्यायची वेळ आली ती दोन दिवसांनी, जेवणाच्या टेबलावर. मासोळी तलावावरच्या कोणा फजितीची गोष्ट सांगत होती, एक जाडजूड गृहस्थ शिडी सोडायलाच तयार नाहीत, पाण्यातून बायकोला हाका मारतायत. हातवारे चालले होते. वरच्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. आणि रेघाताईला दिसलं, की उजव्या डोळ्यात, बुबुळावर, अगदी मधोमध, पापणीचा एक केस आडवा पडला आहे.

असा केस डोळ्यात गेला की माणूस घर डोक्यावर घेतो. मासोळी गोष्ट सांगत होती. पापणी मिटायची, उघडायची, केस तिथेच.

"तुझ्या डोळ्यात केस आहे," रेघाताई म्हणाली.

"कुठे?" मासोळीने डावा डोळा चोळला.

रेघाताईने चमचा ताटात ठेवला. ती उठली, रुमालाचं टोक ओलं केलं, मासोळीची मान मागे केली आणि केस काढला. रुमाल बुबुळाला लागला तरी मासोळीची पापणी लवली नाही. ती म्हणत होती, "मग त्यांची बायको म्हणते, तुम्ही या हो, शिडी मी धरते." आई हसत होती. रेघाताईने केस रुमालात गुंडाळला आणि रुमाल मुठीत घट्ट धरून बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत ती अंधाऱ्या खोलीत होती. मासोळीचे फोटो पुन्हा उघडले. या वेळी ती चालली नाही, काठावर उभी राहून पाहत राहिली.

सगळ्या रेघा एका दिशेने जात होत्या. शाळेच्या रांगेत मुलं उभी करावीत तशा, समान अंतरावर. एकही वाकलेली नव्हती, एकही फुटलेली नव्हती. तंतू असे शिस्तीत कधी जातात? जन्म गेला त्यांच्यामागे फिरण्यात, आणि हे तिला दिसलं नव्हतं. तिने फोटो ज्या क्रमाने काढले होते त्या क्रमाने लावले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. मग भिंग पुढे सरकलेलं कळत होतं, आणि तिथून रेघा सुरू. जसजसा तिचा हात जड होत गेला, तसतशा त्या वाढत गेल्या होत्या. तिने मासोळीच्या डोळ्यातलं काहीच मोजलं नव्हतं. आपल्या हाताचा दाब मोजला होता.

पोरींना दिलेला पापडांचा टोमणा तिला आठवला आणि कान गरम झाले. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. त्या डोळ्यात उद्या वाळू गेली तर कळणार नाही. खारं पाणी, ऊन, वारा, काही कळणार नाही. आणि दुसरा डोळाही तसाच करायला निघालो होतो आपण, नवा गॉगल आणून.

तिने मासोळीला फोन केला. "दुपारचा वर्ग झाला की इकडे ये."

"तारीख पुढच्या आठवड्यात आहे ना?"

"तू ये तर."

मासोळी आली ती ओल्या केसांनी, क्लोरीनचा वास घेऊन. डावा डोळा लाल, उजवा तरतरीत. खोलीत येऊन तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा आवाजही खाली आला. "काय झालं? कोणी मेलंय का?"

"बस. धागा पुन्हा करू."

"केला होता की."

"पुन्हा."

मासोळी बसली. रेघाताईने दांडी हातात घेतली, धागा पुढे काढला आणि समोरून उजव्या डोळ्याजवळ नेला. जवळ नेला आणि थांबवला. धागा आणि बुबुळ यांच्यामध्ये अजून नखाएवढं अंतर होतं.

"लागला," मासोळी म्हणाली.

रेघाताईने धागा मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा हवेतच थांबवला.

"लागला."

"समोर बघ. भिंतीकडे. माझ्या हाताकडे बघू नकोस." मग तिने बाजूने, नजरेच्या आडून धागा आणला आणि बुबुळाच्या मध्यावर खरोखर टेकवला. इतका टेकवला की धागा वाकला.

मासोळी भिंतीकडे पाहत होती. थोडा वेळ गेला. "कर ना," ती म्हणाली. "थांबलीस कशाला?"

रेघाताईने दांडी खाली ठेवली. ती समोर स्टुलावर बसली. दोन बहिणी अंधारात गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये शिपाई कोणाला तरी हाका मारत होता.

"तू खोटं बोलत होतीस," शेवटी रेघाताई म्हणाली. "दोनदा धागा लावलाच नव्हता. लावला तेव्हा तुला कळलं नाही."

"खोटं नव्हते बोलत!" मासोळी उसळली. मग खांदे पाडून म्हणाली, "धागा येताना दिसतो ना. दिसला की वाटतं, लागला. मला खरंच वाटायचं गं. वाटायला हवं होतं म्हणून वाटायचं असेल." ती थांबली. "पण तू तर मोजलेस ना? नसा आल्यात म्हणालीस. फोटोत आहेत."

"नाहीत."

"म्हणजे?"

"मी भिंग दाबलं. दाबलं की वळ्या पडतात. मी वळ्या मोजल्या."

मासोळी तिच्याकडे बघत राहिली. अंधार होता तरी ते बघणं रेघाताईला सोसवेना.

"तू?" मासोळी म्हणाली. "तू दाबलंस? सगळ्या दुनियेला हलका हात, हलका हात करतेस ती तू?"

"हो."

"का?"

"तुझ्यासारखंच. हवं होतं म्हणून."

मासोळी उठली. त्या खोलीत येरझारा घालायलाही जागा नाही; दोन पावलं गेली आणि पडद्याला नाक लागलं. ती तशीच पाठ करून उभी राहिली. "मग गप्प बसायचं होतंस. डाव्या डोळ्याची तारीख आहे, होऊन गेला असता. निवड झाली असती. नसा आल्या असत्या मागाहून. तुझ्याच तोंडून ऐकलंय, कधी ना कधी येतात."

"काल तुझ्या बुबुळावर केस पडला होता. तुला पत्ता नव्हता. तू डावा डोळा चोळलास."

"केस होता, काय सुरी होती?"

"किनाऱ्यावर वाळू असते. वारा सुटला की डोळ्यात जाते. आपल्याला टोचते म्हणून आपण काढतो. तुला टोचणार नाही. दिवसभर पापणीखाली घासत राहील, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यात जखम, तिसऱ्या दिवशी पांढरा डाग. असे डोळे घेऊन आलेली माणसं मी या खुर्चीत बसवलीयत. एक डोळा तरी ओरडणारा असू दे गं. दोन्ही मुके करून तुला पाण्यात नाही सोडायची मी."

"तू मला कधीच सोडलं नाहीस," मासोळी म्हणाली. त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"डॉक्टरांकडे मी जाते. हात माझा जड झाला, ते मीच सांगते. आणि यापुढे तुझा डोळा मी मोजणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी मोजू दे. निवड..." रेघाताईने दांडीतला धागा आत घेतला. "निवड या वर्षी नाही व्हायची."

"या वर्षी म्हणजे कधीच नाही."

"हो. कधीच नाही."

ते मात्र मासोळीला सोसलं नाही. ती खुर्चीत बसली आणि रडू लागली, लहानपणी रडायची तशी, खांदे हलवत, नाक ओढत. रेघाताईने तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. तो झटकला गेला. तिने पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला.

एकाएकी मासोळीने मान वर केली. उजव्या गालावर बोट फिरवलं, ते बोट डोळ्यासमोर धरलं, जिभेला लावलं. "ताई!" तिचा आवाज एकदम वर गेला. त्या खोलीत इतक्या मोठ्याने कोणी बोललं नव्हतं. "उजव्यातून पण पाणी आलंय. बघ ना! सासू रडली! नसा आल्या, ताई. आत्ताच्या आत्ता मोज."

तिच्या तोंडावर असा काही आनंद होता की तो मोडावासा वाटेना. एक "हो" म्हटलं असतं तर तो आनंद आणखी थोडा वेळ तिथे राहिला असता. चार दिवसांपूर्वी तिने असंच एक "आले" म्हटलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "कांद्याचं पाणी डोळ्याच्या त्या तंतूंमुळे येतं. धुळीचं येतं. हे तसलं नाही. हे दुःखाचं आहे, त्याची वाट निराळी. ती आतून, मागून येते. लेसर तिथवर पोचतच नाही."

मासोळी दोन्ही गालांवरून हात फिरवत राहिली. "म्हणजे ती कापली नव्हती."

"ती कोणीच कापली नव्हती."

"मग वर्षभर मला वाटत होतं, हा डोळा माझा राहिलाच नाही..." तिने वाक्य सोडून दिलं आणि ओढणीने नाक पुसलं. आता ती शांत झाली होती, पोहून दमल्यावर काठाला धरून राहावं तशी. थोड्या वेळाने म्हणाली, "मग खरं काय आहे ते तरी दाखव. तू पाहिलंस, मी पाहिलंच नाही."

"मोजायचं नाही म्हटलं ना मी."

"मोजू नकोस. नुसतं दाखव."

रेघाताईने थेंब टाकला. भिंगावर जेल घेतलं. हनुवटी, कपाळ, नजर समोर. या वेळी तिने कोपर टेबलाला टेकवलं आणि भिंग टेकताक्षणी हात थांबवला. पुढे जावंसं वाटलं. पुढे गेली नाही. राखाडी ओसाडीत ती हळूहळू फिरत राहिली, वर, खाली, डावीकडे, आणि फोटो घेत गेली. मग यंत्र मागे ओढलं, मासोळीला शेजारी बसवून घेतलं, आणि दोघी स्क्रीनकडे पाहू लागल्या.

एकामागून एक नुसता काळोख. एका फोटोशी मात्र रेघाताईचा हात थांबला. अगदी कडेला, पापुद्रा कापलेल्या रेषेच्या जवळ, एक धागा होता. इतका फिका, की डोळे बारीक केल्याशिवाय दिसू नये. वाकडातिकडा. थोडा पुढे येऊन त्याला एक फाटा फुटला होता आणि फाटा कुठेच गेला नव्हता.

"हा?" मासोळीने विचारलं.

"हा."

"एवढासाच?"

"एवढासाच. पण हा मी नाही केलेला."

मासोळीने खुर्ची पुढे ओढली. "मी ओढू रेघ?"

नियमात ते कुठेच बसत नव्हतं, पण ही रेघ कोणत्या हिशेबात जाणार नव्हती. रेघाताईने माऊस तिच्या हाताखाली सरकवला. मासोळीने तो अलगद धरला. कडेपासून तिने सुरुवात केली. धागा वाकला तिथे ती वाकली, अडखळला तिथे थांबली, पुन्हा निघाली. त्या काळोखात ती आता एकटीच चालली होती आणि रेघाताई काठावर उभी होती, हात मागे बांधून.

धागा फिका होत होत नाहीसा झाला. मासोळीचा हात थबकला. समोर बुबुळाचा मध्य होता, तिथवर बरीच रिकामी जागा होती.

"थोडी पुढे ओढू?" तिने विचारलं. "त्याच बाजूला चाललाय तो."

"नाही," रेघाताई म्हणाली. "जिथे संपला तिथेच थांबायचं."

मासोळीने हात उचलला.